स्लाव्हिक मेजर बंद करायच्या आधी आमचं ऐका : विद्या परिषदेला खुलं पत्र

मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सर्व सदस्य,

स. न.

मंगळवारी दुपारी आम्हाला एक मेल आला. विषय होता 'अभ्यासक्रम पुनर्रचना' आणि आत मोजून चार ओळी होत्या, की पुढच्या वर्षापासून 'स्लाव्हिक भाषा आणि साहित्य' (रशियन, पोलिश, चेक वगैरे) या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, नवीन प्रवेश नाहीत, विभाग 'जागतिक भाषा आणि संस्कृती' नावाच्या नव्या विभागात विलीन होईल, रशियनचे पहिल्या वर्षाचे दोन कोर्स चालू राहतील आणि बाकीचं 'मागणीनुसार' ठरेल. तो मेल मी वर्गातच वाचला. आम्ही पाच जण होतो. मॅडमनाही तो तेव्हाच आला असावा, कारण त्यांनी फोन बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, पान चौसष्ट काढा. आम्ही पान चौसष्ट काढलं. त्या तासाला मला एक शब्द बोलता आला नाही, म्हणून आता लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण या निर्णयाचं चार पानी टिपण आम्हाला तीनदा मागितल्यावर मिळालं आणि त्यात आमचा, म्हणजे शिकणाऱ्यांचा, उल्लेख फक्त 'पटसंख्या' या शब्दात आहे.

मी तिसऱ्या वर्षाला आहे. या विषयाला आले तेव्हा मला यातली एकही भाषा येत नव्हती, घरात कोणाला येत नव्हती, रशियन ज्या लिपीत लिहितात ती सिरिलिक अक्षरं बघून वाटलं होतं की हे आपल्याला जमायचं नाही. अक्षरं दहा-बारा दिवसात जमली. बाकीचं अजून चालू आहे. मी काही विभागाची प्रवक्ती नाही, माझ्या शिक्षकांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही, उलट त्यांना कळलं तर ते काळजीच करतील. पण तीन वर्षं रोज सकाळी मी या वर्गात बसतेय आणि तुम्ही जे बंद करताय ते आतून कसं दिसतं हे तुमच्या टिपणात कुठेच नाही, ते कोणीतरी सांगायला हवं.

सगळ्यात आधी पटसंख्येचंच बोलू. टिपणात म्हटलंय की पहिल्या वर्षाच्या वर्गात विद्यार्थी पुरेसे असतात पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे कोर्स 'अव्यवहार्य' आहेत, म्हणून खालचे ठेवायचे आणि वरचे काढायचे. आकडे खरे आहेत, आम्ही पाचच आहोत. पण भाषेचा मेजर हा जिना असतो हो, वेगवेगळ्या खोल्या नसतात की ही बंद केली तरी ती वापरता येईल. पहिल्या वर्षी जे येतात त्यातले काही गंमत म्हणून येतात, काहींना क्रेडिट हवे असतात, आणि काही जण वर जायचं ठरवून येतात. वर काही नाहीच हे माहीत असेल तर हे शेवटचे येणारच नाहीत, आणि मग दोन वर्षांनी तुम्ही म्हणाल की पहिल्या वर्षालाही मागणी घटली. हे मी भीती घालायला म्हणत नाहीये, जिना वरून तोडला की खालच्या पायऱ्याही कोणी चढत नाही एवढंच सांगतेय.

आणि तास मोजायचेच असतील तर नीट मोजूया. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषा-प्रशिक्षण संस्था आहे, ती आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना रशियन, पोलिश, चेक अशा भाषांसाठी सुमारे ४४ आठवडे म्हणजे ११०० तास धरते, तेही दिवसभर दुसरं काही न करता, आणि स्पॅनिश किंवा इटालियनला यापेक्षा खूपच कमी वेळ लागतो असं तीच संस्था सांगते. आमच्याकडे आठवड्याला पाच तास आणि वर्षाचे साधारण तीस आठवडे, म्हणजे वर्षाला दीडशे. चार वर्षांचे सहाशे होतात आणि तेही अपुरेच आहेत, घरी केलेला अभ्यास धरून कसंबसं गाडं पुढे जातं. तुम्ही ठेवताय ते दोन कोर्स म्हणजे दीडशे तास. दीडशे तासात काय येतं ते मी सांगू शकते कारण मी तिथून गेलेय: स्वतःची ओळख करून देता येते, वाट विचारता येते, सहा विभक्त्यांची ओळख होते पण त्या तोंडात बसत नाहीत, आणि क्रियापदं जिथे खरी सुरू होतात त्या दारापाशी आपण उभे राहतो.

ते दार म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी वर्गात सांगितलं की काल मी ती कथा वाचली. मी 'चितात' हे क्रियापद वापरलं. मॅडमनी विचारलं, बरं, संपली का? मी म्हटलं हो, सांगितलं ना वाचली. त्या म्हणाल्या, नाही, तू सांगितलंस की तू काल ती वाचत बसली होतीस, संपवलीस असं म्हणायचं तर 'प्रचितात' म्हणावं लागेल. रशियनमध्ये (आणि थोड्याफार फरकाने सगळ्याच स्लाव्हिक भाषांमध्ये) जवळजवळ प्रत्येक क्रियापदाची अशी जोडी असते, एक चालू असलेली किंवा नेहमीची क्रिया सांगतं आणि दुसरं पूर्ण झालेली. इंग्रजीतून शिकवलेल्या पुस्तकात याची अडीच पानं होती आणि मला घंटा कळलं नव्हतं. मग एक दिवस बसमध्ये डोक्यात आलं की अरे, हे तर 'वाचणं' आणि 'वाचून काढणं', 'लिहिणं' आणि 'लिहून टाकणं', 'खाणं' आणि 'खाऊन टाकणं'! आपण हे दिवसभर करतो, फक्त आपण दुसरं क्रियापद मागे जोडतो आणि ते उपसर्ग पुढे जोडतात. तंतोतंत तेच नाहीये, मॅडमनी लगेच चार ठिकाणं दाखवली जिथे हे जुळत नाही, पण त्या दिवशी दार उघडलं. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, दीडशे तासांच्या पलीकडे. तुमच्या नव्या रचनेत हा तासच नाही.

दुसरी गोष्ट, नावातला 'स्लाव्हिक' हा शब्द. तुमच्या टिपणात तो एकदाही रशियनशिवाय दुसऱ्या अर्थाने आलेला नाही, जणू काही दोन्ही एकच. खरं तर स्लाव्हिक हे भाषांचं एक अख्खं घराणं आहे. पूर्वेकडे रशियन, युक्रेनियन, बेलारूसियन. पश्चिमेकडे पोलिश, चेक, स्लोव्हाक, आणि जर्मनीच्या पूर्व भागात टिकून असलेल्या दोन छोट्या सॉर्बियन भाषा. दक्षिणेला स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन, मॅसिडोनियन, बल्गेरियन. यातल्या सहा भाषा आज युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा आहेत. आमच्या मेजरचा नियम होता की रशियनबरोबर दुसरी एक स्लाव्हिक भाषा किमान दोन सेमिस्टर घ्यायचीच, आणि माझ्या मते हा संपूर्ण अभ्यासक्रमातला सगळ्यात शहाणा नियम होता. पोलिश शिकवणाऱ्या शिक्षिकेचा करार दरवर्षी नव्याने करायचा असायचा, तो या वेळी केलेला नाही. हे आम्हाला कोणी कळवलं नाही, वेळापत्रकात त्यांचं नाव दिसलं नाही तेव्हा कळलं.

ही दुसरी भाषा का हवी ते ज्याने घेतली त्याला लगेच कळतं. रशियनमध्ये 'पझोर' म्हणजे लाज, बेइज्जती. चेकमध्ये 'पोझोर' म्हणजे सावधान, स्टेशनवरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. रशियनमध्ये शिळ्या पावाला जो शब्द आहे, चेकमध्ये जवळपास तोच शब्द ताज्या पावाला आहे. पोलिशमध्ये 'उरोदा' म्हणजे सौंदर्य आणि रशियनमध्ये 'उरोद' म्हणजे कुरूप माणूस. एकच मूळ शब्द हजार वर्षांत कसा दोन वाटांनी गेला हे बघताना भाषा म्हणजे काय याची समज येते, आणि ती एका भाषेत राहून येत नाही. एका सेमिस्टरला तुलनात्मक व्याकरणाच्या कोर्सात स्लोव्हेनियन भाषेचं द्विवचन आलं. आपल्या शाळेत संस्कृतात आम्ही 'आवाम्' घोकलं होतं आणि ते मेलेलं प्रकरण आहे असंच धरून चाललो होतो. स्लोव्हेनियात आजही दोन माणसं स्वतःबद्दल बोलताना 'मिद्वा' म्हणतात, म्हणजे 'आम्ही दोघं', आणि त्याला क्रियापदाचं वेगळं रूप आहे. मराठीपर्यंत जे पोचलंच नाही ते द्विवचन तिथे जिवंत आहे. मला त्या दिवशी झोप लागली नाही, हे खरं सांगते.

तिसरी गोष्ट. टिपणात एक वाक्य आहे की 'साहित्याचा अभ्यास अनुवादातून होऊ शकतो आणि यांत्रिक भाषांतराच्या प्रगतीमुळे मूळ भाषेच्या उच्चस्तरीय प्रशिक्षणाची गरज कमी झाली आहे.' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना मी मनापासून विनंती करते की एक तास आमच्या वर्गात येऊन बसा. रशियनमध्ये नवऱ्याच्या भावाला 'द्येवेर' म्हणतात. आपला 'दीर' आणि हा 'द्येवेर' एकाच घरातले, संस्कृतातला 'देवर' मध्ये ठेवला की दिसतं. सुनेला 'स्नखा', आणि आपली 'सून' आली 'स्नुषा'वरून. सासऱ्याला 'स्व्योकर', तिकडे 'श्वशुर'. पण हा फक्त नवऱ्याचा बाप, बायकोच्या बापाला वेगळा शब्द आहे. नणंदेला वेगळा शब्द, मेहुण्याला वेगळा. आता हे सगळं इंग्रजीतून आलं की काय होतं? सगळे 'ब्रदर-इन-लॉ' आणि 'सिस्टर-इन-लॉ' होऊन बसतात आणि मग इंग्रजीवरून मराठीत करणारा अंदाजाने कुठे दीर लिहितो, कुठे मेहुणा, आणि कुठे नुसतंच 'नातेवाईक'. ज्या घरात कोण कोणाचा दीर आहे यावर सगळी गोष्ट उभी असते तिथे वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही. मूळ भाषेत सगळं होतं, आपल्या भाषेतही सगळं आहे, मधल्या थांब्यावर ते सांडलं.

तीच गोष्ट 'तू' आणि 'तुम्ही'ची. रशियन कवी पुश्किनची १८२८ सालची आठ ओळींची एक कविता आहे, तिचा सगळा विषय एवढाच, की प्रेयसीच्या तोंडून चुकून 'तुम्ही'च्या जागी 'तू' निघून गेलं आणि कवीच्या मनात केवढं काय काय उठलं. इंग्रजीत ही कविता करायची कशी? तिथे दोन्हीला एकच शब्द. मराठीत तर ती आपोआप येते, अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायला काय लागतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि नावं! इवान पेत्रोविच म्हणजे पेत्रचा मुलगा इवान, मधलं नाव बापाचं, हे आपल्याला किती ओळखीचं आहे. त्यांच्याकडे मान द्यायचा तर नाव आणि बापाचं नाव दोन्ही घेऊन हाक मारतात, आणि जवळच्या माणसाला मारियाची माशा होते, माशाची माशेन्का होते. संवादात कोणी कोणाला कुठल्या नावाने हाक मारली, यावरून दोघांमधलं अंतर कळतं. हे मशीन करेल की नाही याचा वाद मी घालत नाही, मशीन रोज सुधारतंय. पण मशीनने 'दीर' लिहिलं की 'मेहुणा' हे तपासणारं कोणीतरी हवं ना, आणि ते तपासण्याइतकी भाषा सहाशे तासांनंतर जेमतेम येते.

ग्रंथालयाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा निर्णय कोणी घेतला हेच आम्हाला कळलेलं नाही. रशियन छापील मजकुरात शब्दाचा आघात कुठे आहे ते दाखवत नाहीत, वाचणाऱ्याला ते माहीतच असतं. आणि आघात बदलला की अर्थ बदलतो. पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'मूका' म्हटलं तर यातना, शेवटच्यावर जोर देऊन 'मुका' म्हटलं तर पीठ. 'झामक' म्हणजे किल्ला आणि 'झामोक' म्हणजे कुलूप, दोन्ही छापताना तंतोतंत सारखे. आमच्या विभागाच्या कपाटात चेखॉवच्या कथांचं एक जुनं रशियन पुस्तक आहे, त्यात प्रत्येक पानावर शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक तिरक्या रेघा मारलेल्या आहेत. निदान तीन वेगवेगळ्या हातांच्या, एक अगदी फिकट, एक जोरात दाबून काढलेली, एकीने काही ठिकाणी आधीच्याची रेघ खोडून दुरुस्त केलीय. म्हणजे माझ्या आधी किती जण या पानावर अडखळले आणि शब्दकोश उघडून बसले ते दिसतं. मी पहिल्यांदा मूळ रशियनमधली अख्खी कथा वाचली ती या पुस्तकात, नऊ पानांना मला चार संध्याकाळी लागल्या, आणि जिथे आधीच्या कोणाची रेघ नव्हती तिथे मी माझी मारली. परवा ते कपाट रिकामं करून पुस्तकं खोक्यात भरायचं काम सुरू झालंय, 'बाहेरच्या साठवणगृहात' जाणार आहेत आणि अर्ज केल्यावर काही दिवसांनी मिळतील. शब्दकोश सुद्धा. शब्दकोशासाठी अर्ज करायचा आणि दोन दिवस थांबायचं?

आता युद्धाबद्दल, कारण टिपणात ते थेट लिहिलेलं नाही पण बैठकीत बोललं गेलं असं कानावर आलंय, की सध्याच्या परिस्थितीत रशियन विभाग चालवणं अवघड दिसतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हापासून या विषयात जगभर फार प्रामाणिक आणि त्रासदायक चर्चा चालू आहे, की आपण 'स्लाव्हिक' म्हणत इतकी वर्षं फक्त मॉस्को आणि पीटर्सबर्ग शिकवत राहिलो का. याचं उत्तर बऱ्याच अंशी हो असंच आहे. माझ्या तीन वर्षांत साहित्याच्या सात कोर्सेसपैकी पाच निव्वळ रशियन लेखकांचे होते. तारास शेव्चेन्कोचं नाव मी पहिल्यांदा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ऐकलं, तेही एका तासापुरतं. १८१४ साली भूदासाच्या घरी जन्मलेला मुलगा, ज्याचं स्वातंत्र्य १८३८ मध्ये पैसे देऊन विकत घ्यावं लागलं आणि ज्याने पुढे युक्रेनियन भाषेला तिची कविता दिली, आणि १८७६ मध्ये झारच्या हुकमाने जवळजवळ सगळी युक्रेनियन छपाईच बंद केली. हे ज्याला माहीत नाही त्याला आजच्या बातम्या निम्म्याच कळतात. म्हणून तक्रार मान्य आहे, पण त्यावरचा उपाय भाषा वाढवणं हा आहे, कमी करणं नाही. तुमच्या निर्णयात गंमत अशी झालीय की जी भाषा सगळ्यात मोठी आणि ताकदवान आहे तिचेच दोन कोर्स उरतात, आणि पोलिश, चेक जातात, युक्रेनियन तर सुरूच होत नाही. हे कोणाच्या बाजूने झालं?

या विषयाचा जन्मच अशा भाषांसाठी झालेला आहे. १८४० मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये स्लाव्हिक साहित्याचं अध्यासन सुरू झालं, त्यावर पहिला बसला तो पोलिश कवी अदाम मित्सक्येविच, आणि तेव्हा स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हता, शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून घेतलेला होता. देश नसताना भाषा आणि कविता होती, आणि ती शिकवायला एक वर्ग होता. रशियन कवयित्री आना अख्मातोवाच्या कविता स्तालिनच्या काळात तिच्या मैत्रिणींनी पाठ करून ठेवल्या आणि कागद जाळून टाकले, कारण घरात कागद सापडला असता तर जीवावर बेतलं असतं. पुढे हाताने टाइप करून एकमेकांना पोचवायच्या त्या प्रती, 'सामिझदात'. ज्या साहित्यासाठी माणसांनी एवढं केलं ते वाचायला आम्हाला एक वर्ग आणि एक शिक्षक हवाय. यापेक्षा मोठी मागणी नाही.

'मागणी घटतेय' याबद्दल थोडं. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीत २०१६ ते २०२१ मध्ये तिथल्या विद्यापीठांमधली इंग्रजीशिवायच्या भाषांची पटसंख्या १६.६ टक्के घसरली, टिपणात हा आकडा आहे आणि तो बरोबर आहे. पण त्याच पाहणीत कोरियनची पटसंख्या एक तृतीयांशाहून जास्त वाढली, ते मात्र टिपणात नाही. म्हणजे तरुणांना भाषा नकोयत असं नाही, ज्या भाषेची गाणी, मालिका, माणसं त्यांच्यापर्यंत पोचतात तिथे ते धावत जातात. आमच्या मेजरची माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शेवटची कधी बदलली ते बघा. त्यात अजून लिहिलंय की तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर रशियात असतं. ते बंद होऊन किती दिवस झाले. दुसऱ्या विद्यापीठांनी आपले रशियन शिकणारे विद्यार्थी रशियाऐवजी शेजारच्या देशांतल्या शहरांत, म्हणजे अल्माटीला, बिश्केकला, तिबिलिसीला, येरेव्हानला पाठवायला सुरुवात केली, आमच्याकडे त्या जागी काहीच आलं नाही, आम्हाला वर्गातच बोलायचा सराव करा म्हणून सांगितलं गेलं.

नोकरीचा प्रश्न आई-बाबाही विचारतात, त्यामुळे तुम्ही विचारलात तर मला राग नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांमध्ये रशियन आहे, अंतराळ स्थानकावर जाणारे अंतराळवीर ती शिकतात, निर्वासितांसाठी युक्रेनियन दुभाषे हवेत, कोर्टात हवेत, हॉस्पिटलात हवेत. आमच्या आधीच्या बॅचमधली एक ताई आता दुभाष्याचं काम करते, ती सांगत होती की पहिल्याच आठवड्यात तिला एका म्हाताऱ्या बाईच्या औषधांची यादी समजावून सांगायची होती, आणि 'रोज घ्या' आणि 'हा एकदा घेऊन संपवा' यातला फरक त्या क्रियापदाच्या जोडीतच होता, बाकी वाक्य सारखंच. त्या वेळी तिला दुसऱ्या वर्षाचा वर्ग आठवला. पण नोकरीवरच सगळं तोलायचं असेल तर मग विद्यापीठातलं बरंच काही बंद करावं लागेल, तो मुद्दा मी इथेच सोडते. भाषाशास्त्र विभागात तुम्ही दरवर्षी प्राग वर्तुळ शिकवता, म्हणजे १९२६ मध्ये प्रागमध्ये सुरू झालेला भाषाशास्त्रज्ञांचा गट. साहित्य विभागात रशियन अभ्यासक प्रॉप शिकवता, ज्याने १९२८ मध्ये रशियन परीकथांतून ३१ घटना-प्रकार वेगळे काढून दाखवले. याकोब्सन, श्क्लोव्स्की, बाख्तिन, हे भाषा-साहित्याचे सगळे रशियन अभ्यासक तिथे परीक्षेला येतात. त्यांनी ज्या भाषांवर काम केलं त्या भाषा त्याच इमारतीत एक मजला वर शिकवल्या जातात, आणि या दोन मजल्यांनी मिळून एक कोर्स चालवावा अशी सूचना आमच्या विभागाने केली होती. तिचं काय झालं? असा एक कोर्स असता तर तुमच्या पटसंख्येच्या रकान्यातही वेगळा आकडा दिसला असता.

शिक्षकांबद्दल फार लिहीत नाही, त्यांना अडचण होईल. एवढंच सांगते की भाषा शिकवणारी माणसं दर वर्षी करार होईल की नाही या टांगत्या अवस्थेत ठेवली तर ती चार वर्षांचा अभ्यासक्रम आखणार कशी.

आमच्या मागण्या अशा आहेत आणि त्या आम्ही पाचही जणांनी मिळून ठरवल्यात, खालच्या वर्गातल्यांनीही सह्या केल्यात.

मेजरला पुढच्या वर्षी प्रवेश बंद करायचा निर्णय स्थगित करा, आणि पुढचा विचार करायचाच असेल तर त्या समितीत विभागाचे शिक्षक आणि किमान दोन विद्यार्थी असू द्या. जे आज या मेजरमध्ये आहेत, पहिल्या वर्षापासून, त्यांना माहितीपत्रकात लिहिलेले सगळे कोर्स पूर्ण होईपर्यंत मिळतील अशी लेखी हमी द्या. लेखी, कारण 'मागणीनुसार' या शब्दावर आम्ही आमची डिग्री सोडू शकत नाही. पटसंख्या एका सेमिस्टरच्या एका कोर्सवर न मोजता सगळ्या मेजरची मिळून आणि तीन-चार वर्षांची सरासरी धरून मोजा. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे कोर्स दरवर्षी जमत नसतील तर एक वर्षाआड घ्या, दोन्ही वर्षांचे विद्यार्थी एकत्र बसतील, आमची तयारी आहे. दुसऱ्या स्लाव्हिक भाषेचा नियम ठेवा, पोलिशच्या शिक्षिकेचा करार करा आणि तो किमान तीन वर्षांचा करा, युक्रेनियन सुरू करायला शिक्षक लगेच मिळत नसेल तर दुसऱ्या विद्यापीठाबरोबर ऑनलाइन वर्ग वाटून घ्या. पुस्तकं खोक्यात भरायचं काम थांबवा, निदान शब्दकोश, व्याकरणं आणि मूळ भाषेतली पुस्तकं विभागातच राहू द्या. आणि संकेतस्थळावरची माहिती खरी करा.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत, त्या याच आठवड्यात होऊ शकतात.

परिषदेची पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे असं कळलं. त्यात आम्हाला दहा मिनिटं बोलू द्यावं अशी विनंती करणारा अर्ज आज कार्यालयात दिलाय, पोच घेतलीय. आम्ही पाचही जण येऊ. चेखॉवचं ते पुस्तक मी घेऊन येणार होते पण ते कालच खोक्यात गेलंय, त्याचा नंबर मी लिहून ठेवलाय, तुम्ही मागवलंत तर लवकर मिळेल.

आपली,
स्लाव्हिक भाषा आणि साहित्य, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी